‘ना विजेता, ना पराजित’ : यादवी युद्धानंतरच्या इग्बो समाजाची शब्दस्मृती

दिनांक १५ जानेवारी १९७० रोजी लागोस येथे बियाफ्राच्या वतीने फिलिप एफियाँग यांनी शरणागतीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि तीस महिने चाललेले नायजेरियाचे यादवी युद्ध अधिकृतरीत्या संपले. राष्ट्रप्रमुख जनरल याकुबू गोवन यांनी त्या प्रसंगी जी घोषणा केली, तिचा आशय ‘ना कोणी विजेता, ना कोणी पराजित’ असा होता. समेट, पुनर्वसन आणि पुनर्रचना ही त्रिसूत्रीही तेव्हाच पुढे आली. यादवीच्या इतिहासात इतके उदार शब्द क्वचितच उच्चारले गेले असतील. शरणागतीनंतर ज्या सरसकट कत्तलीची भीती इग्बो लोकांना वाटत होती ती झाली नाही, पराभूत सेनाधिकाऱ्यांना फासावर चढविण्यात आले नाही, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे न्यायाचे होईल.

तथापि, अर्धशतक लोटल्यानंतरही हे युद्ध इग्बो समाजाच्या दृष्टीने संपलेले नाही. असे का व्हावे? या प्रश्नाची राजकीय आणि आर्थिक उत्तरे अनेकांनी दिली आहेत. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्याची दृष्टी साहजिकच शब्दांकडे वळते. युद्धोत्तर काळात शासनाने कोणते शब्द वापरले, गावांची नावे कशी लिहिली गेली आणि घराघरांत कोणत्या शब्दांनी आठवण टिकून राहिली, हे पाहिले असता या युद्धाचा वारसा अधिक स्पष्ट होतो, असे आम्हास वाटते.

१

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. नायजर नदीच्या पूर्वेस मुख्यतः वसलेला इग्बो समाज वसाहतपूर्व काळी एका राजसत्तेखाली नव्हता. गाव आणि ग्रामसमूह हीच त्याची राजकीय घटके होती, आणि मनुष्य आपली ओळख बहुधा गावावरूनच सांगे. ‘इग्बो’ हे सर्वांनी स्वतःस लावण्याचे नाव म्हणून रूढ झाले ते प्रामुख्याने विसाव्या शतकात. मिशनऱ्यांनी अनेक बोलींचे मिश्रण करून घडविलेली आणि १९१३ साली बायबलच्या भाषांतरात वापरलेली ‘संयुक्त इग्बो’, शाळा, रेल्वे, आणि दूरच्या शहरांतून स्थापन झालेल्या ग्रामबंधूंच्या संघटना या सर्वांचा त्यात वाटा आहे. उत्तरेकडील हौसा शहरांत ‘साबोन गारी’, म्हणजे ‘नवे नगर’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परकीयांच्या वस्त्यांत राहणारा कारकून, रेल्वेचा नोकर किंवा व्यापारी पुष्कळदा इग्बो असे.

१५ जानेवारी १९६६ रोजी काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले. त्यांतील बहुसंख्य इग्बो होते, आणि पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा व उत्तरेचे प्रमुख नेते अहमदू बेल्लो हे त्यात मारले गेले. सत्ता ज्यांच्या हाती आली ते जनरल आगुइयी इरोन्सी बंडात सामील नव्हते. परंतु तेही इग्बो होते. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रतिबंड होऊन इरोन्सी मारले गेले. मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेत इग्बो व अन्य पूर्वेकडील लोकांच्या कत्तली झाल्या. हजारो माणसे बळी पडली आणि दहा लाखांहून अधिक लोक पूर्वेकडे परतले. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वू यांनी बियाफ्राच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. ६ जुलैस युद्ध सुरू झाले. नाकेबंदीमुळे पडलेल्या उपासमारीत, विशेषतः बालकांत, झालेली हानी भयंकर होती. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत दिले जातात. अंदाजांतील ही तफावतच सांगते की, या मृतांची शिस्तवार मोजणी कोणी केली नाही.

२

‘ना विजेता, ना पराजित’ या शब्दांची पहिली कसोटी बँकेत लागली. १९६८ च्या जानेवारीत संघराज्य सरकारने चलनी नोटा बदलल्या होत्या, आणि बियाफ्राने स्वतःचे चलन काढले होते. युद्ध संपताच ते चलन निरुपयोगी ठरले. युद्धकाळात ज्यांनी आपल्या खात्यांवर व्यवहार केले होते, त्यांना शिल्लक कितीही असली तरी सरसकट वीस पौंड देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. पुढे १९७२ साली परकीय उद्योगांचे भाग नायजेरियन नागरिकांकडे सोपविण्याचा हुकूम निघाला. त्या वेळी भांडवल हाती असलेल्यांना ते भाग घेता आले. इग्बो व्यापाऱ्याजवळ मात्र भांडवलच उरलेले नव्हते. त्यामुळे ‘वीस पौंड’ ही आज केवळ रक्कम राहिलेली नाही. इग्बो संभाषणात ती अन्यायाची संज्ञा झाली आहे.

दुसरी कसोटी घरांची. युद्धात घरदार सोडून गेलेल्यांच्या स्थावरास शासकीय परिभाषेत ‘परित्यक्त मालमत्ता’ असे नाव मिळाले. या विशेषणाचा विचार करण्याजोगा आहे. ‘परित्यक्त’ म्हणजे मालकाने आपल्या इच्छेने टाकून दिलेले. जो प्राण वाचविण्यासाठी पळाला, त्याने घर ‘टाकले’ असे म्हणणे म्हणजे निर्वासिताच्या असहायतेला त्याची इच्छा ठरविणे होय. उत्तरेतील काही शहरांत इग्बोंची घरे शेजाऱ्यांनी व अधिकाऱ्यांनी सांभाळून ठेवली, क्वचित् साचलेले भाडेही परत दिले. लागोसमध्येही पुष्कळांना घरे परत मिळाली. परंतु १९६७ साली नव्याने निर्माण झालेल्या रिव्हर्स राज्यात, विशेषतः पोर्ट हारकोर्ट या शहरात, हा शब्द वज्रलेप ठरला, आणि हजारो इग्बो कुटुंबे आपल्या घरांना मुकली.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. इजो, ओगोनी, एफिक, इबिबिओ इत्यादी पूर्वेकडील अल्पसंख्य समाजांना इग्बो बहुसंख्येचे भय स्वातंत्र्यापूर्वीपासून वाटत होते. विलिंक आयोगाने १९५७-५८ मध्ये अशाच भयांची चौकशी केली होती. त्यांतील अनेकांनी बियाफ्रा स्वेच्छेने स्वीकारला नव्हता. इजो नेते आयझॅक बोरो संघराज्याच्या बाजूने लढताना १९६८ साली मरण पावले. ओगोनी लेखक केन सारो-विवा यांनीही संघराज्याचीच बाजू घेतली. त्यांच्या दृष्टीने पोर्ट हारकोर्टमधील घरे ही जुन्या वर्चस्वाची खूण होती. एकाच घरास एकाने लूट म्हणावे व दुसऱ्याने मुक्ती, हा या वारशातील सर्वांत कठीण भाग होय.

३

भाषाभ्यासकास सर्वाधिक विचारप्रवृत्त करणारी गोष्ट नावांची आहे. इग्बो भाषेत ‘उमू’ म्हणजे संतती, वंशज. या शब्दाने आरंभ होणारी ग्रामनामे सर्व इग्बो प्रदेशात आढळतात. ‘उमुआहिया’ हे त्यांतील प्रसिद्ध नाव. आपल्याकडे कुळाच्या आडनावावरून वाडीचे नाव पडते, तसाच हा प्रकार. पोर्ट हारकोर्टच्या आसपास राहणाऱ्या इक्वेरे लोकांच्या गावांची नावेही पूर्वी कागदोपत्री अनेकदा ‘उमू’ने लिहिली जात. युद्धानंतर ती ‘रुमू’ने लिहिली जाऊ लागली : रुमुओला, रुमुएमे, रुमुओकोरो. ‘ओबिग्बो’ या गावाचे ‘ओयिग्बो’ झाले.

इग्बो लेखकांना यात पराभवानंतरचे नामांतर दिसते : जेत्यांच्या राज्यात सुरक्षित राहण्यासाठी शेजाऱ्याने आपले नाते पुसून टाकले. इक्वेरे अभ्यासकांचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ‘रुमू’ हाच त्यांचा स्वाभाविक उच्चार असून पूर्वीच्या इग्बोभाषी कारकुनांनी आणि शाळामास्तरांनी तो ‘उमू’ असा लिहिला. युद्धानंतर चूक दुरुस्त झाली इतकेच. भाषाशास्त्र यांपैकी कोणाच्या बाजूने कौल देईल? इक्वेरे ही इग्बोशी अत्यंत निकटची भाषा आहे, याविषयी शंका नाही. के विल्यमसन यांच्या वर्गीकरणात ती ‘इग्बोइड’ गटातच येते. परंतु निकटची भाषा म्हणजे एकच समाज, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्या शास्त्रास नाही. दोन बोलींमधील अंतर मोजता येते. माणसाने स्वतःस काय म्हणवून घ्यावे, हे त्या मापाने ठरत नाही.

नदीच्या पश्चिमेस असाबा येथे या प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. हे इग्बोभाषी गाव बियाफ्राचा भाग नव्हते. १९६७ च्या ऑक्टोबरात संघराज्याचे सैन्य तेथे आले असता निष्ठा दाखविण्यासाठी गावकरी समारंभाचे शुभ्र वस्त्र नेसून ‘एक नायजेरिया’ असा घोष करीत रस्त्यावर आले. स्त्रियांना व मुलांना वेगळे काढून शेकडो पुरुषांना व मुलग्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ऐक्याची घोषणा ओठांवर असताना झालेला हा संहार तेथील पिढ्यांनी कसा समजून घ्यावा? या पश्चिमेकडील समाजांत आपण इग्बो की स्वतंत्र ‘अनिओमा’ हा वाद अद्यापि चालतो.

नकाशावरचे नावही सुटले नाही. ज्या आखातावरून बियाफ्राने आपले नाव घेतले होते, ते जुन्या नकाशांतील ‘बियाफ्राचे आखात’ नायजेरियन शासनाने १९७० च्या दशकात ‘बॉनीचे आखात’ केले.

या सर्वांचा अर्थ आमच्या मते असा की, युद्धाने ‘इग्बो’ या नावावर एकाच वेळी दोन विरुद्ध क्रिया केल्या. मध्यभागी त्या नावास पूर्वी कधी नव्हते इतके बळ आले, कारण मरण त्या नावानेच आले होते. कडेच्या प्रदेशात मात्र त्याच कारणाने ते नाव गळू लागले.

४

शासनाच्या कागदांबाहेर, घरात, निराळीच शब्दसंपत्ती वाढत होती. युद्धकाळात स्त्रिया जीव धोक्यात घालून शत्रूच्या रेषेपलीकडे जात आणि मीठ व अन्य वस्तू आणून विकीत. या व्यापारास ‘आफिया अटॅक’ हे नाव पडले : पहिला शब्द बाजाराचा, दुसरा लष्करी इंग्रजीतला. प्रथिनांच्या अभावाने होणाऱ्या बालरोगाचे ‘क्वाशिओरकोर’ हे नाव मूळ घानामधील गा भाषेतले. १९३० नंतर ते वैद्यकात गेले आणि बियाफ्राच्या छायाचित्रांबरोबर जगभर पोहोचले.

शांततेच्या काळात जुन्या शब्दांना नवे वजन आले. ‘आकू रुओ उलो’, म्हणजे ‘धन घरी पोचावे’, हे वचन इग्बोंत प्रसिद्ध आहे. पोर्ट हारकोर्टची घरे गेल्यावर ते व्यवहाराचा नियम झाले : शहरात कितीही कमवा, पण पक्के घर आपल्या गावी बांधा. ‘इग्बा बोई’ या उमेदवारीच्या पद्धतीचेही तसेच. मुलगा काही वर्षे व्यापाऱ्याकडे राबतो आणि मुदत संपल्यावर मालक त्यास भांडवल देऊन स्वतंत्र दुकान घालून देतो. बँक आणि शासन यांवर विसंबता येत नाही, अशा काळात या पद्धतीने इग्बो व्यापार पुन्हा उभा केला. या समाजाचे पुनर्वसन बव्हंशी त्याने स्वतःच केले.

‘ओझोएमेना’ हे व्यक्तिनाम युद्धापूर्वीचेच. त्याचा अर्थ ‘असे पुन्हा न घडो’. घरात मृत्यू घडल्यानंतर जन्मलेल्या बालकास ते देत. आज तोच शब्द युद्धातील मृतांच्या स्मरणाशी जोडला गेला आहे. एका कुटुंबाचे दुःख सांगणारा शब्द अशा रीतीने संपूर्ण समाजाच्या दुःखास पुरला.

५

राष्ट्राच्या सार्वजनिक भाषेत मात्र मौनच राहिले. १९८५ साली उमुआहिया येथे युद्धसंग्रहालय उघडले. परंतु कत्तलींची न्यायालयीन छाननी झाली नाही. न्यायमूर्ती ओपुटा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगापुढे १९९९ नंतर इग्बो संघटनेने आपले गाऱ्हाणे मांडले, पण त्या आयोगाचा अहवाल शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. शालेय अभ्यासक्रमातून इतिहास हा स्वतंत्र विषयच काही वर्षे वगळला गेला होता. जे शाळेने सांगितले नाही ते कादंबरीने सांगितले : फ्लोरा न्वापा, बुची एमेचेटा आणि पुढे चिमामांडा न्गोझी अदिची यांनी. चिनुआ अचेबे यांचे युद्धविषयक आत्मकथन २०१२ साली, म्हणजे युद्धानंतर बेचाळीस वर्षांनी आले.

या मौनाच्या जोडीस राजकीय विषमतेची जाणीव आहे. आज आग्नेय विभागात पाच राज्ये आहेत. अन्य विभागांत सहा, आणि एकात सात. प्रत्येक राज्यास सिनेटमध्ये तीन जागा असल्यामुळे एकशे नऊपैकी केवळ पंधरा जागा या विभागाच्या वाट्यास येतात. इरोन्सींनंतर एकही इग्बो राष्ट्रप्रमुख झालेला नाही. १९९९ नंतर बियाफ्राची मागणी पुन्हा उठली ती मुख्यतः युद्ध न पाहिलेल्या पिढीतून. २०२१ च्या ऑगस्टपासून दर सोमवारी घरी बसण्याचा जो आदेश निघाला, त्याची झळ इग्बो व्यापाऱ्यांनाच लागली, आणि त्याच्या अंमलासाठी झालेल्या हिंसेत इग्बो माणसेच मेली. मौनात वाढलेली स्मृती शेवटी आपल्याच माणसांवर उलटते, याचे हे कटू प्रत्यंतर होय.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक पद्धतीविषयक बोध घ्यावा. तहाची घोषणा आणि तहानंतरची परिभाषा ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. ‘ना विजेता, ना पराजित’ हे शब्द खोटे नव्हते. त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. परंतु पराजित कोणी नाही असे एकदा ठरल्यावर पराजिताचे नुकसान नोंदविण्यास शासनाच्या भाषेत जागाच उरली नाही. ती नोंद मग गावच्या घराने, मुलाच्या नावाने आणि वीस पौंडांच्या कथेने ठेवली. ती राष्ट्राच्या भाषेत उतरेपर्यंत १५ जानेवारी १९७० ही युद्धसमाप्तीची केवळ कागदोपत्री तारीख राहील.