कोर्टाची पायरी



‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,’ हे आपण माहेरी ऐकलं आणि सासरीही ऐकलं. साजगावात बोंबल्या विठोबाच्या जत्रेत सुक्या बोंबलाचा भाव करताना आपण कुणाला हार जात नाही. पण खालापूरच्या कोर्टाचं नाव निघालं की गप्प होतो. म्हणून आज आम्ही त्या पायरीचीच गोष्ट सांगणार आहोत.

आधी इमारत बघू. कोकणातल्या जुन्या कोर्टकचेऱ्यांची ठेवण बरीचशी सारखी असते. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून दगडी जोतं उंच. जोतं उंच, म्हणून पायऱ्या आल्या. वर उतरतं कौलारू छप्पर, आणि झडीपासून भिंती वाचाव्यात म्हणून पुढे पडवी. तारखेला आलेली माणसं पुकारा होईपर्यंत तिथंच बसायची. आत न्यायाधीशांची जागा चौथऱ्यावर, समोर वकिलांचं टेबल, बाजूला साक्षीदाराचा पिंजरा, आणि कागद सांभाळायला दप्तराची खोली. म्हणजे पायरी बांधली ती पावसासाठी. पण ती कुणी चढायची आणि कुणी नाही, हे मात्र माणसं ठरवत होती.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यात शाळा आणि दवाखान्यांबरोबर कोर्टाचंही नाव होतं. कोर्ट सगळ्यांचं आहे हे वेगळं लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

पुढची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली, महाडची. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं, पण ते कागदावरच राहिलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्याचं पाणी प्यायली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा गावातल्या काही सवर्णांनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत कोर्टानं तात्पुरती मनाई दिली.

परिषदेला माणसं जमली होती, बायाही आल्या होत्या. पाणी समोर होतं. तरी बाबासाहेबांनी मनाई मोडली नाही. सगळ्यांनी तळ्याला फेरी घातली आणि लढाई कोर्टात नेली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. मुलींना शिकवा, नीटनेटक्या राहा, असं त्यांनी सांगितलं.

मग तारखा सुरू झाल्या. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. वादी अपिलात ठाण्याला गेले, तिथं १९३३ साली हरले. तिथून हायकोर्टात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी तिथंही हरले. तळं नगरपालिकेचं ठरलं. आणि वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. ‘आमच्यात असंच चालत आलंय’ हे वाक्य घरात, भावकीत, चावडीवर चालून जातं. कोर्टात त्याला पुरावा लागतो.

म्हण अगदीच खोटी नाही, बरं का. या निकालाला सव्वानऊ वर्षं लागली. आजही तारखांना मजुरी बुडते, एसटीला पैसे लागतात. पण एक खर्च वाचू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. फोन करायचा तर नंबर आहे १५१००.

वाटणीत नाव वगळलं, पोटगी थांबली, मारहाण झाली, तर आधी कागद जपून ठेवा. आणि पहिल्या तारखेला कुणीही एकटी जाऊ नये. गटातल्या दोघींनी तरी सोबत पायरी चढावी.