चुलीच्या दोन बाजू

घर बांधणे ही आपल्या शहरात आता केवळ गरजेची नव्हे, हौसेचीही बाब झाली आहे. घरांच्या नकाशांची गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तके चाळली, म्हणजे त्यांत एक नमुना हटकून आढळतो. दिवाणखाना व जेवणघर यांच्या मधल्या भिंतीत एक आरपार शेकोटी असते. तिच्या दोन्ही अंगांस काच बसवलेली असते. इकडे पाने मांडलेली, तिकडे गप्पांची बैठक, आणि मध्ये दोन्ही खोल्यांतून दिसणारा एकच विस्तव. हिला आपण दुतोंडी शेकोटी म्हणू.

मे महिन्यात ज्या गावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या नागपुरात अशी शेकोटी कोणी बांधील हे संभवत नाही. तरीही वसंतातल्या या व्याख्यानमालेत आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, त्यास कारण आहे. विस्तव कोठे ठेवावा आणि त्याच्या कडेने जेवणाची जागा कशी आखावी, हा प्रश्न घराइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर प्रत्येक काळात एकाच गोष्टीवरून ठरत आले: विस्तवाच्या एका बाजूस कोण बसणार आणि दुसऱ्या बाजूस कोण राबणार. आम्ही वास्तुशास्त्राचे पदवीधर नव्हे. कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून जे पाहिले आणि वाचनालयात बसून जे पडताळता आले, तेवढेच आमचे भांडवल.

प्रथम या शेकोटीचे शास्त्र पाहू. एका बाजूने बंद असलेल्या शेकोटीत हवा समोरून येते, तापते आणि धुराड्यातून वर जाते. दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या की हवा दोन खोल्यांतून ओढली जाते. तेव्हा धुराडे अधिक रुंद लागते, आणि दोन्ही खोल्यांतील हवेचा दाब सारखा असावा लागतो. एका खोलीची खिडकी वाऱ्याच्या दिशेस उघडली, की विस्तव दोघांचा असूनही धूर मात्र दुसऱ्या खोलीत जातो. म्हणूनच हल्ली तेथे काचा बसवितात.

युरोपातही आरंभी असे नव्हते. मध्ययुगात इंग्लंडातील सरदाराच्या वाड्यात एक मोठे दालन असे. त्याच्या मध्यभागी विस्तव पेटे आणि धूर छपरातील झरोक्यातून निघून जाई. जमीनदार उंच बैठकीवर आणि चाकर खाली, हा भेद होताच. पण विस्तव सर्वांचा होता व जेवणही एका दालनात होते. पुढे भिंतीत धुराड्याची शेकोटी बांधण्याची कला आली. तेव्हा धनिकाने आपल्यापुरती निराळी खोली केली, तीत निराळी शेकोटी केली, आणि तो दालन सोडून तेथे जेवू लागला. चौदाव्या शतकातील कवी विल्यम लँगलंड याने ‘पियर्स प्लाउमन’ या काव्यात याविषयी तक्रार केली आहे. गरिबांच्या सहवासाला टाळून श्रीमंत माणूस धुराड्याच्या खाजगी खोलीत जेवतो आणि मुख्य दालन ओस पडते, असा त्याचा आशय आहे. ज्यास आपण गृहरचनेतील सुधारणा म्हणतो, तिची दुसरी बाजू सहाशे वर्षांपूर्वी एका कवीच्या ध्यानी आली होती.

याच इतिहासात काउंट रम्फर्ड नावाचा एक चमत्कारिक पुरुष होऊन गेला. जन्माने अमेरिकन, चाकरी बव्हेरियाच्या इलेक्टरची. उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता धुराड्यातून फुकट जाते, हे ओळखून त्याने शेकोटीचा गळा अरुंद केला, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या, आणि १७९६ साली त्यावर निबंध लिहिला. इंग्लंडातील श्रीमंतांनी त्याप्रमाणे आपल्या शेकोट्या बदलून घेतल्या. परंतु याच माणसाने त्याआधी म्युनिकमध्ये निराधारांसाठी उद्योगगृह काढले होते. तेथे थोड्या सरपणात पुष्कळांचे अन्न शिजावे म्हणून त्याने बंदिस्त चुली बांधल्या व सातू-वाटाण्याच्या सारावर गरिबांना पोसले. त्या गरिबांकडून कसून काम करून घेतले जाई, हेही सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: शेकणाऱ्याच्या सुखाबरोबर रांधणाऱ्याच्या चुलीचाही हिशेब याने मांडला. असा हिशेब मांडणारे फार थोडे झाले.

आता आपल्या नागपुराकडे वळू. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. सिव्हिल लाइन्सच्या बाजूस साहेबांचे बंगले उठले. पचमढी, चिखलदरा अशा थंड ठिकाणच्या बंगल्यांत भिंतीतल्या शेकोट्या शोभून दिसत. नागपूरच्या उन्हाळ्यात जेवणघराचा मध्यबिंदू निराळा होता, तो म्हणजे टेबलावर टांगलेला झालरीचा पंखा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई, आणि ती ओढणारा माणूस तेथे तासन्‌तास बसलेला असे. दारांवर वाळ्याचे ताटे लावीत. त्यांवर बाहेरून पाणी मारले जाई आणि आत सुवासिक गारवा येई. स्वयंपाकघर तर बंगल्यात नसेच. धूर, वास, उष्मा आणि आगीचे भय यांपासून साहेबाचे घर वेगळे राहावे म्हणून बावर्चीखाना मागे, अंगणापलीकडे बांधीत. तेथून झाकलेल्या थाळ्या घेऊन चाकर येत. म्हणजे भिंत एकच. आत गारवा, बाहेर घाम. दुतोंडी शेकोटीचा हा आमच्याकडचा अवतार. त्यास काच मात्र नव्हती, म्हणून आतल्यास बाहेरचा दिसत नसे.

हे दूषण परक्यांवर ढकलून आपण मोकळे होऊ, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या वाड्यांची रचना आठवावी. ओसरी, माजघर आणि मागे अंधाऱ्या जागी स्वयंपाकघर. चुलीशेजारी वैल. मूळ विस्तव चुलीत, त्याचीच धग वैलाला. एका सरपणावर दोन भांडी शिजावीत ही त्यातली शहाणी काटकसर. पण धुराला वाट कोणती? कौलांच्या फटी, आणि नसल्यास बाईचे डोळे. पंगत माजघरात वा ओसरीवर बसे. आधी पुरुष, मग मुले, आणि चुलीपाशी बसलेली सर्वांत शेवटी. तिच्या वाट्याला येई ते खरवडलेले. त्यात सोवळ्याची रेघ आणखी वेगळी. विस्तव कोणाच्या हाताने पेटला, पाणी कोणाच्या हाताने ओतले, यावर अन्नाचे अन्नपण ठरे. इंग्लंडातल्या जमीनदाराने श्रीमंतीसाठी भिंत घातली. आम्ही तीत जातीच्या विटा बसविल्या.

ही भिंत पाडण्याचे प्रयत्नही याच भूमीत झाले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पीत, आणि आपल्याबरोबरच्या प्रतिष्ठितांसही पाजीत. महाराजांनी हॉटेलची वास्तू बदलली नाही. चुलीमागचा माणूस त्यांनी पुढे आणला. जेवणाच्या जागेची याहून मोठी पुनर्रचना आम्हांस ठाऊक नाही.

गिरणीने या कथेस निराळे वळण दिले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापसाला आगीचे मोठे भय. म्हणून या गिरणीत आग विझविणारे स्वयंचलित फवारे बसविले होते, आणि सुताला ओलावा मिळावा म्हणून हवा दमट ठेवणारी यंत्रेही होती. गिरणीत एकच विस्तव अधिकृत होता, तो बॉयलरचा. कामगाराचे अन्न घरून येई, ते गारढोण. कापसाचे तंतू उडत असताना यंत्राच्या आडोशाला भाकरी सोडून खायची, ही कापडगिरण्यांतील सार्वत्रिक रीत होती. हजारो माणसांना राबविणाऱ्या वास्तूत यंत्राला जागा होती, मालाला जागा होती. माणसाच्या घासाला जागा नव्हती.

घरी तरी काय होते? चाळीतील एका खोलीत शेगडी, अंथरूण, पाळणा आणि पंगत सर्व एकत्र. येथे चूल व पान यांमधली भिंत नव्हती. पण ती दारिद्र्याने नाहीशी केली होती, समतेने नव्हे. एम्प्रेस मिलने इंदोऱ्यास कामगारांसाठी वसाहत आखली, तेव्हा निराळे घर आणि निराळी चूल किती मोलाची हे अनेकांना प्रथमच कळले असेल. १९२९ साली ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन नागपुरातच, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले आणि तेथेच ती दुभंगली. वादाचा एक प्रमुख विषय होता ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास नेमलेला व्हिटली आयोग. त्यावर बहिष्कार घालावा की नाही, हा प्रश्न. बहिष्कार योग्य की अयोग्य, हे येथे ठरवावयाचे नाही. पण मजूर कोठे राहतो, काय खातो, हे प्रश्न आता सरकारी दप्तरांत शिरले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा झाला. त्याच्या ४६ व्या कलमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशीही सोय ठेवली. ४७ व्या कलमाने १५० हून अधिक कामगार असतील तेथे विश्रांतीची व जेवणाची खोली सांगितली, आणि अशी खोली असेल तेथे कामाच्या जागी कोणी खाऊ नये असा दंडकही घातला. या शेवटच्या वाक्याचे महत्त्व वरवर वाचणाऱ्यास कळत नाही. यंत्र व घास यांच्यामध्ये कायद्याने घातलेली ती पहिली भिंत होती, आणि ती भिंत कामगाराच्या बाजूची होती. पुढे २०२० च्या संहितेत उपाहारगृहाची मर्यादा १०० कामगारांवर आली.

परंतु उपाहारगृहालाही दोन बाजू असतात. एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, नवे उपाहारगृह बांधले गेले. जेवणाच्या दालनात पंखे, फरशी, हात धुण्याच्या तोट्या. मागे पत्र्याच्या छपराखाली भट्ट्या. वारा येण्यास एक खिडकी, तीही दालनाच्या भिंतीत. राबणारी मुले कंत्राटदाराची. ती सर्वांचे आटोपल्यावर, उभ्याउभ्याने, पातेल्यातले खात. आमच्या सभासदांची मागणी भाजीच्या दराविषयी होती. आम्ही समितीच्या बैठकीत दोन कलमे वाढविली: मागच्या भिंतीत धूर ओढणारा पंखा, आणि स्वयंपाक करणाऱ्यांस त्याच टेबलांवर, ठरलेल्या वेळी जेवण. पहिले कलम पंधरा दिवसांत मान्य झाले. दुसऱ्यास आठ महिने लागले. पंख्याला पैसे लागतात, टेबलाला मन लागते. न्यायालयांतही हा वाद गेला आहे. रेल्वेच्या उपाहारगृहांतील नोकर हे रेल्वेचेच कर्मचारी होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला. नागपूरसारख्या रेल्वेच्या मोठ्या जंक्शनावर त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

चुलीमागच्या माणसांनी संघटित व्हावे, तर काय होते, याचा दाखला मुंबईच्या गिरणगावाने दिला. घरापासून दूर राहणाऱ्या हजारो गिरणीकामगारांना खानावळवाल्या बाया आपल्या एका खोलीत रांधून जेवू घालीत. त्यांची मिळकत उधारीच्या आणि सावकाराच्या हाती असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणीकामगाराची संघटना होती. त्याला भाकरी घालणारीची संघटना व्हावयास इतकी वर्षे लागली.

आणि धूर? त्याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारीच, वर्ध्याच्या मगनवाडीत झाला. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम तेथे जे. सी. कुमारप्पा यांनी चालविले. तेथली ‘मगन चूल’ म्हणजे मातीचीच, पण बंदिस्त. एका तोंडाने सरपण घालायचे, आतल्या वाटेने धग एका भांड्याकडून दुसऱ्याकडे जायची, आणि धूर नळीतून बाहेर. चूल जुनी, धुराला मात्र वाट. पुढे १ मे २०१६ रोजी, म्हणजे नेमक्या कामगार दिनी, गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. तरी सिलिंडर संपले आणि पैसे नसले की पुन्हा चूल पेटते, हे खेड्यांत जाणाऱ्या कोणासही दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. काचेआडच्या शेकोटीचे चित्र पाहताना हा आकडा डोळ्यांआड करणे आम्हांस जमत नाही.

तात्पर्य, जेवणघर आखताना सौंदर्य पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. विस्तवाभोवती माणसे एकत्र बसावीत, ही इच्छा मुळात सुंदरच आहे. पण नकाशा नेहमी जेवणाऱ्याच्या बाजूने काढला जातो. तो एकदा रांधणाऱ्याच्या बाजूनेही काढून पाहावा. घराचा असो की कारखान्याच्या उपाहारगृहाचा, त्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. चुलीपाशी उभ्या राहणाऱ्यास खिडकी कोठे आहे? धूर कोणाच्या खोलीत जातो? आणि तो माणूस, किंवा ती बाई, केव्हा आणि कोठे बसून जेवते? आज येथून घरी गेल्यावर आपण सारे जेवावयास बसू. त्या वेळी निदान तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात शोधावे, एवढीच श्रोत्यांस विनंती.