तबकडी मोडण्यापूर्वी

श्रोतेहो, श्रावणात रोह्याहून पेणला जाल, तर गणपतीचे कारखाने दिसल्यावाचून राहत नाहीत. कुठे शाडूची माती मळलेली, कुठे पांढऱ्या मूर्ती वाळत मांडलेल्या. त्यांतच काही कारागीर कागदाच्या लगद्याच्या मूर्ती घडवतात. जुनी वर्तमानपत्रे भिजवायची, त्यांचा लगदा करायचा, त्यात खडूची पूड नि डिंक मिसळून साच्यात दाबायचा. वाळल्यावर रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. ज्या कागदावर काल बाजारभाव वाचले, त्याचीच आज सोंड होते!

वाचण्या-ऐकण्याचे साधन जुने झाले, की माणूस त्याचा जिन्नस दुसऱ्या कामी लावतो. ग्रामोफोनचंच पाहा ना. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. त्या तबकडीत लाख असे, आणि ती लाख आपल्याच रानांतून परदेशी जाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखेची टंचाई पडली, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या तबकड्या केल्या गेल्या. नवी गाणी आली खरी. पण जुनी किती दळली गेली, कोण सांगणार?

चित्रपटाची कथा याहून चुटपूट लावणारी. फितीवरच्या लेपात चांदी असे. त्या चांदीसाठी जुनी रिळे मोडीत विकली गेली, आणि आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’. त्याचीही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते.

आता पाळी आली आहे सीडीची. १९८२ साली बाजारात आलेली ही १२ सेंटिमीटरची चकती आज शेतात पाखरं हाकायला टांगलेली दिसते. शाळेत तिचा मोर होतो, मासा होतो. गणपतीच्या मखरात चक्र होऊन ती झळकते. यात वावगं काहीच नाही. मुलांच्या हाताला वळण लागतं आणि पैसाही लागत नाही.

पण शिक्षक बंधुभगिनींनो, एक भेद ध्यानात घ्या. वर्तमानपत्राची दुसरी प्रत एखाद्या ग्रंथालयात सापडते, म्हणून त्याचा गणपती करताना मन कचरत नाही. घरी भरलेल्या चकतीला बहुधा दुसरी प्रत नसते. तिच्यात एखाद्या आजीची जात्यावरची ओवी असेल, हळदीचं गाणं असेल, शाळेच्या संमेलनातलं नाटक असेल. तेव्हा कात्री लावण्याआधी ती एकदा वाजवून पाहा. नावाच्या बाजूला ओरखडा पडू देऊ नका; मजकूर धरणारा थर त्याच बाजूला, वरच्या अंगाला असतो. कामाचं काही निघालं तर नक्कल उतरवून घ्या आणि कुणाचा आवाज, कोणतं गाव, कोणतं साल, हे वहीत टिपून ठेवा. मग खुशाल मोर करा. उरलेले तुकडे मात्र जाळू नका. त्यांचा धूर घातक असतो.