रेशनच्या ‘प्लास्टिक तांदळा’ची गोष्ट परळपासून सुरू होते

आमच्या शहाडमध्ये रेशनचा तांदूळ आला की काही घरांत वेगळे दिसणारे दाणे वेचून फेकतात. "प्लास्टिक आहे ओ ते, पेपरात छापा," असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. छापायच्या आधी जरा इतिहास बघू.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग व्हायचा. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने शोध घेतला. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायकांचं रक्त सुधारतं, हे तिने 1931 साली जाहीर केलं. त्यामागचा घटक म्हणजे फोलेट. 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून काढला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडलं.

अमेरिकेने 1998 पासून पिठात ते घालणं सक्तीचं केलं. फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत लोकांच्या रक्तातलं सरासरी फोलेट 4.6 वरून 10 नॅनोग्रॅमवर गेलं. मणक्याचे जन्मजात दोषही घटले.

आपल्याकडे 2021 च्या स्वातंत्र्यदिनी फोर्टिफाइड तांदळाची घोषणा झाली. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-12 मिसळून दाणे बनवतात आणि शंभराला एक या प्रमाणात टाकतात. आपण फेकतो ते हेच!

चूक बायकांची नाही. दुकानात कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर? गरोदर बाईने डॉक्टरांची गोळी मात्र सोडू नये. आणि तो दाणा मोरीत टाकू नका.