नवा संघ बांधायचा की आहे त्यानंच लढायचं? भारतीय हॉकीतला जुना वाद

संघ हरायला लागला की हॉकीच्या कट्ट्यावर दोन गट पडतात. एक म्हणतो, म्हातारे काढा, पोरं आणा, दोन-चार वर्षं मार खाल्ला तरी चालेल. दुसरा म्हणतो, आधी समोरची स्पर्धा जिंका, पोरं काही कुठं पळून जात नाहीत. बेळगाव, महू, ग्वाल्हेर, खडकी अशा हॉकीच्या जुन्या गावांत हा वाद नवा नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते, गोलात महूचे शंकर लक्ष्मण उभे होते. त्या आठवणींवर वाढलेल्या माणसाला आठव्या-नवव्या नंबरावर समाधान मान म्हणून सांगणं अवघडच.

हरून फायदा कुणाला?

अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीत या वादाचा हिशेब सरळ आहे. तिथल्या एनएचएल लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे ‘यंदा हरलो तरी बेहत्तर’ असं तिथले चाहते उघडपणे म्हणू शकतात. आपल्या मैदानी हॉकीत हरण्याला असं कसलंच बक्षीस नाही. क्रमवारी घसरते, पात्रतेची वाट कठीण होते आणि ऑलिम्पिकला जातात फक्त १२ संघ. तीन ऑलिम्पिक सुवर्णं आणि चार विश्वचषक जिंकलेला पाकिस्तान २०१६, २०२० आणि २०२४ अशी सलग तीन ऑलिम्पिक घरी बसून बघत होता. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत शिरणं किती जड जातं, ते तिथं दिसतं.

दुसऱ्या बाजूला बेल्जियम. १९७६ नंतर त्यांना थेट २००८ मध्ये ऑलिम्पिक खेळायला मिळालं. त्यानंतर २०१२ ला पाचवे, २०१६ ला रौप्य, २०१८ ला विश्वविजेते आणि टोकियोत सुवर्ण. नव्या बांधणीची बाजू घेणारे हेच उदाहरण पहिलं फेकतात. पण ‘सगळे बदला’ असा त्याचा अर्थ लावणं चूक आहे. तीच पोरं एकत्र वाढली आणि वर्षानुवर्षं एकत्र खेळली, हे त्यातलं खरं काम.

वाया गेलेली बॅच

आपल्याकडं याच्या उलटं घडलं. १९९८ मध्ये धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली बँकॉकचं आशियाई सुवर्ण जिंकून संघ परतला आणि लगेच धनराजसह अनेक सीनियर खेळाडूंना वगळण्यात आलं. प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही जावं लागलं. ही संघबांधणी होती की जिरवाजिरवी, यावर खडकीत आजही एकमत व्हायचं नाही. २००० ला सिडनीत पोलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी हुकली.

२००१ मध्ये होबार्टला ज्युनियर संघानं अर्जेंटिनाला ६-१ नं हरवून विश्वचषक जिंकला. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग अशी भारी पोरं होती ती. हीच पोरं अथेन्स गाजवणार असं सगळ्यांना वाटत होतं. पण २००३ मध्ये जुगराज मोटार अपघातात जबर जखमी झाला आणि ऑलिम्पिक काही आठवड्यांवर आलं असताना प्रशिक्षक राजिंदर सिंग यांच्या जागी जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले गेले. पी हळद आणि हो गोरी, असा हा प्रकार. संघ सातवा आला. ३६ वर्षांच्या धनराजचं ते चौथं आणि शेवटचं ऑलिम्पिक.

पुढचा उतार माहितीचाच आहे. मार्च २००८ मध्ये सँटियागोत ब्रिटननं २-० नं हरवलं आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकला मुकला. २०१२ ला लंडनला गेलो, तर सगळे सामने हरून बाराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या नंबरावर.

लखनौ ते टोकियो

लंडननंतर सगळा संघ मोडीत काढा, अशी ओरड झाली. तसं झालं असतं तर नुकसान झालं असतं, कारण त्या बाराव्या नंबराच्या संघात श्रीजेश आणि मनप्रीत सिंग होते. दोघेही राहिले. २०१४ मध्ये इंचिऑनला पाकिस्तानला हरवून आशियाई सुवर्ण मिळालं आणि त्यासोबत रिओचं थेट तिकीट. म्हणजे लढत राहण्याचाही उपयोग झालाच.

डिसेंबर २०१६ मध्ये लखनौत हरेंद्र सिंग यांच्या ज्युनियर संघानं बेल्जियमला २-१ नं हरवून विश्वचषक घेतला. अंतिम सामन्यातले दोन्ही गोल गुरजंत आणि सिमरनजीत यांचे. या बॅचला हळूहळू वर घेतलं गेलं. सगळेच टिकले नाहीत. कर्णधार हरजीत सिंग टोकियोपर्यंत पोचला नाही. पण हरमनप्रीत, मनदीप, वरुण पोचले. टोकियोच्या १६ जणांच्या संघात १० जण पहिल्यांदाच ऑलिम्पिक खेळणारे होते. गटात ऑस्ट्रेलियानं ७-१ नं धुतलं, तेव्हा घाई झाली असं म्हणणारे कमी नव्हते. मग ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ असा विजय, आणि ४१ वर्षांनी पदक. त्यात दोन गोल सिमरनजीतचे, आणि अगदी शेवटचा पेनल्टी कॉर्नर अडवला श्रीजेशनं.

विशेष म्हणजे हे सगळं प्रशिक्षकांची खुर्ची गरगर फिरत असताना झालं. नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस, ऑल्टमन्स, मरीन, हरेंद्र सिंग, रीड: लंडन ते टोकियो सात जण. त्यातल्या मरीन यांना पुन्हा महिला संघाकडं धाडलं आणि त्यांनी तो संघ टोकियोत चौथा आणला. २००४ आणि २०२१ मधला फरक खेळाडूंच्या वयात शोधण्यापेक्षा इथं शोधावा: दुसऱ्या वेळी निदान ऑलिम्पिकआधीची दोन वर्षं रीड यांना कुणी हलवलं नाही.

आता पुन्हा तोच प्रश्न

२०२३ च्या घरच्या विश्वचषकात न्यूझीलंडनं शूटआउटमध्ये घरी पाठवलं आणि रीड यांनी राजीनामा दिला. क्रेग फुल्टन आले, हांगझोऊला सुवर्ण आणि पॅरिसला स्पेनला २-१ नं हरवून पुन्हा कांस्य मिळालं. तिथं श्रीजेश थांबला. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात ओळीनं सामने हरले आणि नऊ संघांत भारत आठवा राहिला. कट्टे पुन्हा तापले. सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ नं हरवून आशिया चषक आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळालं, तसे ते थोडे निवळले.

पण लॉस एंजेलिस २०२८ ला आहे. तेव्हा मनप्रीत ३६ वर्षांचा असेल, हरमनप्रीत ३२ चा. श्रीजेशच्या जागेवर २०२५ मध्ये कृशन पाठक आणि सूरज करकेरा यांना आलटून-पालटून खेळवलं गेलं. मधल्या फळीत मनप्रीतची जागा कोण घेणार, हे अजून ठरायचं आहे.