बोटीवरचा दिवा मंदावतो तेव्हा

8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छमधल्या मांडवी बंदरातून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट मुंबईला पोहोचलीच नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात ती नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर सातशेहून अधिक माणसे गेली. बोटीचे नाव आपल्या वैतरणा नदीचे. पण तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून किनाऱ्यावरची माणसे तिला ‘वीजळी’ म्हणत. गुजराती लोकगीतांत ती आजही त्याच नावाने उरली आहे.

‘वैतरणा’ गेली ती वादळात. दिव्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण तिचे टोपणनाव मला विचारात पाडते. समुद्रावरची वीज लोकांनी दिव्याच्या रूपात पाहिली. दिव्यामागचा डायनामो, तो फिरवणारे इंजीन आणि त्या दोघांवर नजर ठेवणारा इंजिनखान्यातला माणूस कोणाच्या गीतात आला नाही. बोटीवरच्या विजेचा खरा इतिहास मात्र त्या इंजिनखान्यात घडला आहे, आणि तो बराचसा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : रिकामे असताना सुरेख चालणारे यंत्र भार पडताच का दबते?

प्रश्न समजून घ्यायला थोडे विज्ञान पुरे. डायनामोला काहीही जोडलेले नसेल तर तो हलका फिरतो. दिवे जोडले, तारेतून प्रवाह वाहू लागला, की त्याच प्रवाहाचे चुंबकत्व फिरण्याला विरोध करते आणि डायनामो जड होतो. म्हणजे वरच्या मजल्यावर कोणी एक दिवा लावला तरी त्याचे ओझे थेट खाली इंजिनावर येते. इंजीन दबले तर दिवा मंदावतो. इंजीन ठीक असून वीज तयार करणाऱ्या यंत्रात दोष असेल तरी दिवा मंदावतो. दोन्ही ठीक असून वाटेतली तार खराब असेल तरीही तेच. दिव्याकडे नुसते पाहून या तिघांपैकी अपराधी कोण ते कळत नाही. पुढची दीडशे वर्षे हे ओळखायला शिकण्यातच गेली.

सुरुवात 1880 सालची. ‘कोलंबिया’ ही आगबोट अमेरिकेत चेस्टर येथे जॉन रोच यांच्या गोदीत बांधली गेली. मालक कंपनीचे हेन्री व्हिलार्ड हे एडिसनचे चाहते. त्यांनी बोटीवर एडिसनचे दिवे बसवायचे ठरवले. आगीच्या भीतीने रोच यांना ते पसंत नव्हते, त्यामुळे हे काम बोट गोदीबाहेर पडल्यावर न्यूयॉर्कला झाले. शंभराहून थोडे अधिक दिवे आणि पट्ट्यांवर चालणारे चार डायनामो एवढा तो संसार. त्यातल्या एका डायनामोचे काम बाकीच्यांच्या चुंबकांना प्रवाह पुरवणे हे होते. विजेचा दाब मोजायला एकही मीटर नव्हता. इंजिनखान्यातला माणूस तिथल्या दिव्याच्या उजेडाकडे पाहून दाब ठरवी. डोळा हाच व्होल्टमीटर! तरीही ही व्यवस्था 1895 पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे टिकली.

ती टिकली याचे एक कारण तिच्यावरचा भार ठरावीक होता. खोल्यांतले दिवे उतारूंच्या हाती नव्हते; त्यांची बटणे खोलीबाहेर कुलपाच्या पेटीत असत आणि नोकर येऊन ती चालूबंद करी. पुढे ही परिस्थिती बदलली. 1887 पासून सुएझ कालव्यातून रात्री जाण्याची मुभा विजेचा झोतदिवा असलेल्या जहाजांना मिळाली. मुंबईच्या टपाल-बोटींचाही हाच मार्ग. झोतदिवा लागला की भार एकदम वाढे, विझवला की एकदम उतरे. अशा वेळी नुसता डोळा पुरेसा नव्हता. यंत्राने स्वतःहून सावरायला हवे होते.

इंजिनाला सावरणारे साधन म्हणजे गव्हर्नर. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप आवळतात. वेग घटला की खाली येतात आणि झडप उघडतात. बोटीवर यात अडचण अशी, की गोळे खाली येण्यासाठी गुरुत्वाकर्षणावर अवलंबून, आणि डोलणाऱ्या बोटीवर ‘खाली’ ही दिशाच स्थिर नाही. म्हणून बोटींसाठी स्प्रिंगवर चालणारे गव्हर्नर आले.

गव्हर्नरचा एक स्वभाव मात्र कायम राहिला. वेग थोडा उतरल्याशिवाय त्याला भार वाढल्याचे कळतच नाही. त्यामुळे भाराबरोबर थोडा वेग उतरणे हा दोष नव्हे. किती उतरतो, आणि उतरून तिथे स्थिर राहतो की नाही, हे पाहायचे. फार हळवा गव्हर्नर तर अधिकच वाईट. तो वेग वरखाली झुलवत राहतो. या झुलण्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये मांडले होते. तरीही 1882 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीजकेंद्रात एडिसनने दोन इंजिनांचे डायनामो एकत्र जोडले, तेव्हा इंजिने सी-सॉसारखी एकमेकांना झुलवू लागली. एकाने वेग घेतला की दुसरे दबे, मग उलट. दोन्ही गव्हर्नर दांड्याने जोडून त्याने तात्पुरता मार्ग काढला आणि शेवटी इंजिनेच बदलली. वीजकेंद्र जमिनीवरचे, पण एकाहून अधिक जनरेटर एकत्र चालवणाऱ्या प्रत्येक जहाजाला हाच धडा लागू होता.

दुसरा संशयित म्हणजे वीज तयार करणारे यंत्र. साध्या डायनामोचा दाब भाराबरोबर घसरतो. 1880 च्या दशकात त्याच्या चुंबकावर दुसरे वेटोळे घालण्याची पद्धत रूढ झाली. या वेटोळ्यातून भाराचाच प्रवाह जातो. भार वाढला की चुंबक आपोआप बळकट होते. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि दाब सांभाळण्याचे काम स्वयंचलित नियामकाकडे गेले. मिस्त्रीमंडळी त्याला एव्हीआर म्हणतात. या बदलातून निदानाचे एक उत्तम साधन मिळाले. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता इंजिनाच्या वेगाशी बांधलेली असते, म्हणून वारंवारतेचा मीटर म्हणजे इंजिनाच्या नाडीवरचे बोट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गचे जहाज-अभियंते हेर्मान फ्राम यांनी पोलादी पात्यांचा मीटर केला. ज्या वारंवारतेचा प्रवाह, तेवढेच पाते थरथरते.

जुन्या बोटीवरचा डिझेल जनरेटर आजही याच दोन मीटरांनी तपासतात. साध्या यांत्रिक गव्हर्नरचा जनरेटर रिकामा असताना 52 च्या आसपास आणि पूर्ण भारावर 50 वर उतरावा, अशी मांडणी असते. भार घालताच वारंवारता आणि दाब दोन्ही कोसळले तर जनरेटर उघडून बसू नये. आजार इंजिनाचा आहे. आधी डिझेलचा फिल्टर, मग वाटेत कुठे हवा धरली आहे का, मग पंप, हवेचा फिल्टर आणि गव्हर्नरचे अडकलेले दांडे. धूरही बोलतो : काळा असेल तर इंजिनाला हवा कमी पडते आहे किंवा भार झेपेनासा झाला आहे, धूर न वाढता ताकद जात असेल तर बहुधा डिझेलच पोहोचत नाही. समुद्राचे पाणी मिसळून थंड केलेला धूर ज्या वळणातून जातो, तिथे मीठ आणि काजळी साचून गळा आवळला जातो, तेही पाहावे. वारंवारता स्थिर आणि दाबच घसरला तर संशय एव्हीआर, डायोड किंवा ब्रशांवर. जनरेटरपाशी दोन्ही ठीक आणि दूरचा दिवा मंद असेल तर गंजलेला जोड शोधावा. भार असताना तोच गरम लागतो. मोटर सुरू होतानाच दिवे डोळे मिटत असतील तर आधी हिशेब करावा. सुरू होताना मोटर चालत्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि जुन्या बोटीवर नंतर बसवलेल्या वातानुकूलन यंत्राचा विचार मूळ जनरेटर निवडणाऱ्याने केलेला नसतो. आणखी एक : वर्षानुवर्षे नाममात्र भारावर चाललेले डिझेल इंजीन आतून काजळी धरते आणि ऐन वेळी ओझे पेलत नाही.

इंधनाकडे किंवा वाफेकडे आधी पाहावे, हा क्रम किती मोलाचा आहे ते ‘टायटॅनिक’वर दिसते. तिच्यावर 400 किलोवॉटचे चार मुख्य जनरेटर होते, दाब 100 व्होल्ट. शिवाय 30 किलोवॉटचे दोन संकटकाळासाठी. 15 एप्रिल 1912 च्या पहाटे जहाज बुडेपर्यंत, अगदी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दिवे जळत राहिले. शेवटी ते लालसर झाल्याचे काही बचावलेल्यांनी सांगितले. तारेच्या दिव्याचा दाब दहा टक्के घसरला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो, आणि आणखी घसरला की तार नुसती लाल दिसते. जनरेटर शाबूत होते. बॉयलर एकामागून एक पाण्याखाली जात होते आणि वाफ संपत होती. उरलेली वाफ डायनामोंपर्यंत पोहोचवत राहिलेल्या अभियंत्यांपैकी एकही वाचला नाही.

हा सारा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. 26 मार्च 2024 रोजी बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकी चौकशी मंडळाने 2025 च्या अखेरीस निष्कर्ष मांडला. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल तारेमुळे. तारेच्या टोकावर नावाची पट्टी अशी चढवली होती, की ते टोक जोडात पुरते बसलेच नव्हते. खलाशांनी मिनिटभरात वीज परत आणली, पण ती पुन्हा गेली, कारण या वेळी जनरेटरला इंधन मिळेना. त्यांना इंधन पुरवण्यासाठी मुळात नळ्या धुण्याकरता असलेला पंप वापरला जात होता. वीज जाताच तो थांबला, आणि तो आपोआप सुरू होणारा नव्हता.

म्हणजे एक जोड आणि एक पंप. ‘कोलंबिया’च्या इंजिनखान्यात दिव्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाकडे मीटर नव्हते, आज मीटर भरपूर आहेत, पण सैल जोड कोणी हाताने ओढून पाहिल्याशिवाय कोणताही मीटर तो आधी सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर जुना जनरेटर सांभाळणाऱ्यांसाठी यातून एक साधी सवय घेण्यासारखी आहे. यंत्र धड चालत असतानाच, रिकामे, अर्ध्या भारावर आणि पूर्ण भारावर, दाब आणि वारंवारता वहीत लिहून ठेवावी, आणि दर मोसमात जोड तपासावेत. दिवा मंदावेल त्या रात्री ताडून पाहायला ती वही हाताशी असेल.