डिझेल इंजिनची तब्येत मोबाईलवर कशी बघायची? डेटा लॉगिंगची सोपी माहिती

घरात डिझेल पिकअप किंवा ट्रक असेल तर हा प्रसंग तुम्हाला नवीन नसेल. गाडीत माल भरलेला, घाट अर्धा चढून झालेला आणि इंजिन गरम होऊन गाडी उभी! मिस्त्री येईपर्यंत बाजाराची वेळ निघून जाते. पण बरेचसे बिघाड एका दिवसात होत नाहीत. इंजिन आधीपासून इशारे देत असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाहीत.

डेटा लॉगिंग म्हणजे काय?

इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेन्सर्सची रीडिंग सतत घेत असतो. एखादं रीडिंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो फॉल्ट कोड साठवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बिघाड आधीच झालेला असतो. लॉगिंगमध्ये आपण हीच रीडिंग वेळेसकट फाईलमध्ये साठवतो. ताप एकदा मोजणं आणि तापाचा चार्ट ठेवणं, एवढाच हा फरक.

काय लागतं?

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. या पिकअपमध्ये साधारणपणे स्टीअरिंगच्या खाली १६ पिनचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावा आणि मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप घ्या. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलई अ‍ॅडॉप्टर बघा, जुन्या ब्लूटूथवाला चालत नाही.

मोठ्या ट्रकची गोष्ट वेगळी. त्यांची बॅटरी सिस्टीम २४ व्होल्टची असते आणि ईसीयू बहुतेक वेळा जे१९३९ ही वेगळी भाषा बोलतो. कारचा स्वस्त अ‍ॅडॉप्टर तिथे जळू शकतो. त्यासाठी २४ व्होल्ट आणि जे१९३९ चालणारा स्कॅनरच घ्या.

कोणती रीडिंग ठेवायची?

सगळीच निवडली तर स्वस्त अ‍ॅडॉप्टर हळू चालतो. आरपीएमसोबत ही चार पुरे:

- कूलंटचं तापमान: इंजिन तापल्यावर साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस.
- व्होल्टेज: इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.५ ते १४.५. सतत कमी दिसलं तर अल्टरनेटर, बेल्ट आणि वायरिंग तपासा.
- मॅनिफोल्ड प्रेशर: समुद्रसपाटीला इंजिन बंद असताना साधारण १०० केपीए. चढावर जोर दिला की टर्बोमुळे ते बरंच वाढायला हवं. आधीइतकं वाढत नसेल तर हवेचा पाईप लीक आहे का, फिल्टर चोंदलाय का, ते बघा.
- फ्युएल रेल प्रेशर: ईसीयूने मागितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं, दोन्ही दिसत असतील तर दोन्ही ठेवा. जोर दिल्यावर अंतर वाढत असेल तर आधी डिझेल फिल्टर तपासा.

लॉग कसा घ्यायचा?

खरी गंमत आकड्यात नाही, तुलनेत आहे. गाडी ठणठणीत असताना पहिला लॉग घ्या. थंड इंजिन चालू करण्यापासून सुरुवात, पाच मिनिटं आयडल, मग ठरलेला एक चढ. दर महिन्याला तोच रस्ता, साधारण तेवढाच माल. बाहेरचं तापमानही लिहून ठेवा. सीएसव्ही फाईल गुगल शीट्समध्ये उघडून आलेख काढा.

माझ्या काकांच्या पिकअपचं उदाहरण सांगतो. पहिल्या लॉगमध्ये गावाजवळच्या चढावर कूलंट ९१ अंश होतं. दोन महिन्यांनी त्याच चढावर, तेवढ्याच मालात, तशाच हवेत ९९. डॅशबोर्डचा काटा मात्र जागचा हलला नव्हता आणि दिवाही लागला नव्हता. मिस्त्रीला आलेख दाखवला. त्याने रेडिएटर बघितला, तर जाळीत भुसा आणि चिखल गच्च बसलेला. धुतल्यावर पुढच्या लॉगमध्ये ९२! हेड गॅस्केट उडाल्यावर कळलं असतं, तर काकांचा हंगामच गेला असता.

हे मात्र पाळा

- लॉगिंग गाडी उभी असताना सुरू करा. चालवताना मोबाईलकडे बघू नका.
- कोड लगेच पुसू नका. त्यासोबत बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते आणि मिस्त्रीला नेमकी तीच हवी असते.
- डीपीएफ रिजनरेशनचं बटण स्वतः दाबू नका. तेव्हा एक्झॉस्ट प्रचंड तापतो, जवळ सुकं गवत असेल तर आग लागू शकते.
- काम झाल्यावर अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते.

आणि लक्षात ठेवा, लॉग बिघाड दुरुस्त करत नाही. कुठे बघायचं, ते सांगतो. नट खोलायचं काम मिस्त्रीचंच. पण "गाडी ओढत नाही" असं सांगण्यापेक्षा दोन महिन्यांचा आलेख त्याच्यापुढे ठेवलात, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे, दोन्ही वाचतील.